मामीच्या चादरीखाली करपलेली पाटी

पुण्याहून लोक सोलापूरला हुरडा खायला जातात, चादरी आणायला जातात. मी गेले पाटी पकवायला! काचेच्या कापडाचे थर रचून, त्यांत रेझिन भरून केलेली, विटेएवढी जाड पाटी. रेझिन घट्ट होताना आपणहून तापतं आणि जाड पाटीच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पोट किती तापेल हे सांगणारं गणित मी संगणकावर बसवलंय. गाईड सरांनी बजावलं होतं, "प्रत्यक्षाशी जुळलं नाही, तर पीएचडीचा विषय बदल." आणि कापड उरलं होतं एकाच पाटीपुरतं.

सकाळची गाडी बरी. कुर्डुवाडीला चहा मिळतो, पण गाडी सुटेल म्हणून घाईनं पिऊ नका, माझी जीभ भाजली. स्टेशनवरून एमआयडीसीत जायला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा.

तिथं मामांचा फायबरच्या टाक्यांचा कारखाना आहे. त्यांच्या तापत्या टेबलावर पाटी ठेवली, पोटातल्या तापमान मोजायच्या तारा लॅपटॉपला जोडल्या. वरची बाजू मुद्दाम उघडी ठेवली, थोडी ऊब निघून जावी म्हणून. मामी डबा घेऊन आली: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. बाहेर जेवायला बसलो. चटणी इतकी झकास, की मी पीएचडीच विसरले.

तेवढ्यात वास आला.

"मामी, काय करपतंय?"

"माझं काय बी न्हाय बाई गॅसवर."

आत धावलो. पाटीवर जाडजूड सोलापुरी चादर, चारी बाजूंनी नीट खोचलेली!

"तारा लावून उघडीच पडली हुती की बिचारी," मामी म्हणाली. "म्हटलं, वारं लागंल."

"अगं, ती पेशंट आहे का!"

चादर ओढली तर खाली धूर. पाटी मधोमध काळीठिक्कर. मी चक्क भोकाड पसरलं.

"रडू नगं," मामा म्हणाले. "टाकीला झाकण करू हिचं."

लॅपटॉपमधली तापमानाची नोंद मात्र शाबूत होती. दुसऱ्या दिवशी चादरीतून ऊब किती जाते ते त्याच टेबलावर मोजलं आणि रागारागानं गणितातही पाटीवर चादर घातली. दोन्ही आलेख एकमेकांवर असे चपखल बसले, की मी मामीला कडकडून मिठी मारली.

"जळाली तरी पास व्हय?"

"कधी जळणार ते गणितानं बरोबर सांगितलं की, मामी!"

आता पुण्यात आहे. विषय बचावलाय. सर म्हणाले, "नवं कापड मागवतो. पुन्हा एकदा करून दाखव, पण सगळं अगदी तसंच हवं." म्हणून ती चादर, मधल्या तपकिरी डागासकट, कपाटात कुलपात आहे. मामीचा सारखा फोन येतो, "धुतलीस का न्हाय?" नाही धुतली. धुतली तर गणित बदलेल. थंडी मात्र लई पडलीय आणि घरातलं एकमेव जाड पांघरूण पाटीसाठी राखीव आहे.