बार्शीला घासलेले ड्रम

बार्शीच्या लेथवाल्यानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सगळा गुंता आहे. फसवलं एवढं नक्की. कशात फसवलं, ते मात्र मला अजून उलगडलेलं नाही.

निजामाची मोगलाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बार्शीच्या वाटेवरचा जकातीचा करोडगिरी नाका उठला होता, आणि त्या मोकळ्या वाटेनं भुईमुगाच्या शेंगा नेऊन नेऊन मी वर आलो होतो. आमच्या गावच्या, वाशीच्या बाजारात माझ्याशी भाव करायला आडते कंटाळायचे. एक जुनी मोटार घेतली. भाड्यानं फिरवायला घेतली असं लोकांना वाटलं, आणि फिरवलीही. पण खरं कारण वेगळं होतं. माझी बायको कितीतरी वर्षं डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला चालत गेली होती. तिला स्वतःच्या मोटारीत बसवून तुळजापूरला न्यायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

त्या मोटारीचा ब्रेक दाबला की खरखर वाजायचं. चाकाच्या आत पातेल्यासारखा लोखंडी ड्रम असतो. ब्रेक दाबला की आतून पट्ट्या त्याला घासतात आणि चाक थांबतं. माझ्या पुढच्या दोन्ही ड्रमांना आतून चर पडले होते. सोलापूरचा सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, "नवे टाका. लेथवर घासला की ड्रम पातळ होतो, तापला की फुगतो, मग ब्रेक लागत नाही." बार्शीचा लेथवाला म्हणाला, "नवे कुठनं आणतोय त्यो? ही गाडी आता बनतच न्हाय, मालक. मोडीतल्या गाडीचे काढणार, रंग मारून देणार. आन् बसले न्हाईत की घासायला माझ्याकडंच येणार." दोघंही शपथेवर बोलत होते. बरं, दोघांचंही खरं वाटत होतं.

मी घासून घ्यायचं ठरवलं. पण मीही कच्चा नव्हतो. सोनाराकडं डाग-दागिना टाकताना आपण आधी वजन करतो, घडवल्यावर पुन्हा करतो, आणि पडलेला कीस मागून घेतो. मी तेच केलं. समोरच्या आडतीत काट्यावर ड्रम जोखले. ड्रमच्या आत, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, कानशीनं फुलीची खूण केली. लेथवाला कमरेवर हात ठेवून बघत होता.

"मालक, मंगळसूत्र करायचंय का ह्याचं?"

"तू घास. एक चरा दिसला तर पैसा मिळायचा न्हाय. आन् कीस मला पायजे. सगळा."

"मोगलाईतलं गिऱ्हाईक लई पक्कं," तो शेजारच्या दुकानाकडं तोंड करून म्हणाला.

काम झालं तेव्हा ड्रम आतून तोंड दिसेल असे चकचकीत झाले होते. खूण मात्र नव्हती.

"माझी फुली कुठंय?"

"किसात हुडका. जिथं घासायचं, तिथंच मारलीत तुमी."

हे पटलं. मग मी ड्रम आणि किसाचं पोतं एकत्र जोखलं, तर वजन आधीपेक्षा जास्त भरलं. कमी भरलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. जास्त भरल्यावर माणसानं काय धरायचं?

"खाली कुणाचा आधीचा कीस पडला असंल, त्यो बी तुमच्या पोत्यात गेला. जादा मिळालं तरी रडताय व्हय?"

मी पोतं उचललं. पण डोक्यात किडा शिरला. कीस दुसऱ्याचा असेल, तर ड्रम तरी माझेच कशावरून?

सपाटीला मोटार झकास थांबायची. बायकोला घेऊन तुळजापूरला गेलो, तिनं देवीची ओटी भरली. तिथून तिच्या बहिणीकडं सोलापूरला निघालो. घाट उतरताना जळका वास आला. पायाखालचा ब्रेक लोण्यासारखा मऊ लागायला लागला आणि गाडी डावीकडं ओढू लागली. मी ती रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातली. कुणाला लागलं नाही. बायकोचा हात तेवढा दारावर आपटला आणि बांगड्या फुटल्या. देवीच्या दारातून निघालेली सवाष्ण, मांडीवर बांगड्यांचे तुकडे. तिनं ते पदरात गोळा केले, प्रसादाचा नारळ घेतला आणि खाली उतरली.

"बस की. हळू नेतो."

"थांबायची चीजच किसून आणलीय तुमी. माझे पाय बरे हायेत."

तिनं घाट चालत उतरला. मी मागून पहिल्या गिअरमध्ये, वरातीतल्यासारखा.

पुढच्या बाजाराला ड्रम घेऊन मी लेथवाल्यावर चालून गेलो. त्यानं शांतपणे कडेवरून बोट फिरवलं. "उजवा लईच गेलाय. त्याचा एक चर खोल हुता. मी थोडा ठेवणार हुतो, पर तुमीच म्हणला, चरा दिसता कामा न्हाय."

म्हणालो होतो. गिऱ्हाईक म्हणणारच! उद्या मी म्हणालो की डोकं घास, तर घासशील का?

शेवटी सोलापूरहून नवे ड्रम आणले. नवे म्हणजे काय, देव जाणे. एकाच्या रंगाखाली गंज होता. गाडी मात्र थांबायला लागली. म्हणजे दुकानदार खरा होता? की गंजावरून लेथवाला खरा? मला काही कळेना. बायको एसटीत बसते, बैलगाडीत बसते. माझ्या मोटारीत ती पुन्हा बसली नाही, आणि ज्या दिवशी मी ती विकली त्या दिवशी ओट्यावरून उठूनही आली नाही.

लेथवाला अजून त्याच गल्लीत आहे. त्यानं सांगावं, ते ड्रम माझेच होते का? आणि माझेच असतील तर इतके पातळ होईपर्यंत त्याचा हात थांबला का नाही? मी शेंगांचा व्यापार करणारा माणूस. लोखंडाला 'आता पुरे' म्हणणं त्याचं काम होतं, माझं नाही. आणि हे त्यानं मला सांगू नये. वाशीला घरी यावं, तिच्यासमोर बसावं आणि तिला सांगावं.