विहिरीतला माणूस गोड बोलायला लागला तर

लहानपणी ऐकलेला एक आवाज माझ्या कानात अजून आहे. सप्... सप्... माझा बाप लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून विहिरीत खालीवर करायचा, तो आवाज. जुन्या विहिरीच्या तळाशी खराब हवा बसते. ती अशी हलवावी लागते.

पुढे मीही तेच काम केलं. आमची टोळी विहिरीतला गाळ काढायची. मी काठावर उभा राहणारा. उतरलेल्या माणसाला जिवंत वर घेणं, एवढीच माझी जबाबदारी. अशा कामात किस्सेही गाळासारखे साचतात. कितीही उपसा, पुन्हा तेवढेच!

* * *

खाली उतरणारे दोघे भाऊ होते. थोरला सुदामा, धाकटा नामदेव. आमची रीत अशी, की कमरेचा दोर सोडायचा नाही आणि खाली गप्प बसायचं नाही. सुदामाला ते सांगावं लागत नसे. त्याच्या शिव्या शेजारच्या शेतात ऐकू जायच्या!

एकदा कामरगावच्या एका विहिरीत तो उतरला. डहाळा फिरवून झाला होता, तरी थोड्या वेळानं खालून मला हाक आली, "वामनराव, दोर जरा सैल करता का? आपले फार उपकार होतील."

मी ओरडलो, "ओढा त्याले वर!"

काठावर येऊन त्यानं मोठे श्वास घेतले, डोळे चोळले आणि म्हणाला, "काहून ओढलं बे बुढ्या? भैताड झाला का तू?"

सगळ्या टोळीनं टाळ्या वाजवल्या!

* * *

तरी त्याला शेलूबाजारला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, मोठे गोड माणूस. मी विचारलं, "साहेब, हातपाय चालून राह्यले अन् डोकं आधी कसं काय फिरते?"

ते म्हणाले, "मेंदूला चूल समजा बाबा. रक्तातली साखर हे लाकूड, आणि श्वासातली हवा लागते जाळायला. हातापायांपाशी थोडाफार साठा असतो, ते काही वेळ रेटून नेतात. मेंदूपाशी साठा जवळजवळ नाहीच. हवा कमी झाली की जाळ मंदावतो, आणि विचार करणं आधी बिघडतं. ज्याचं बिघडतं त्याला ते कळतही नाही. फार वेळ गेला, तर चूल पुन्हा नीट पेटत नाही."

सुदामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मंग साहेब, ह्या वामनमामाले पयले तपासा! ह्याचा जाळ तर काठावर उभा राहूनच मंद हाय!"

* * *

नामदेव शिव्या देत नसे. मग त्याची पारख कशी करायची? त्याचा भाजीपाल्याचा मळा होता. बाजारात तो एक रुपया सोडायचा नाही. म्हणून मी वरून सारखा भाव विचारायचो. तो कडक भाव सांगायचा आणि मी निर्धास्त असायचो.

एक दिवस मी विचारलं, "नामदेवा, वांगे कसे दिले?"

खालून उत्तर आलं, "घेऊन जाय ना मामा. तुयाकून पैसे घिऊ का मी?"

ओढला वर!

त्याच्या बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, लगेच कायले काढलं? एक लुगडं तरी मांगून घेतलं असतं मी!"

* * *

आता हा शेवटचा.

पोहरादेवीच्या वाटेवर एका म्हातारीची बकरी पडक्या विहिरीत पडली, आणि मधल्या कपारीवर अडकली. सुदामा उतरला. त्यानं आपल्या कमरेचा दोर सोडून बकरीला बांधला. बकरी वर आली, लोक हसले. तेवढ्यात म्हातारी रडायला लागली, "तिची घंटी राह्यली रे बाबा खाली!"

आणि सुदामा घंटीसाठी कपारीवरून तळाशी उतरला. बिनदोराचा!

एक शिवी ऐकू आली. मग काहीच नाही.

नामदेव काठावर धावला. मी त्याचा हात धरला.

"सोड मले मामा! माया भाऊ मरून राह्यला!"

"आता गेला तर दोघंबी जासान. आधी हवा."

सुदामाची बायको रुखमा शिदोरी घेऊन आली होती. ती सगळ्यांसमोर ओरडली, "ह्या बुढ्याले काळीज नाई! दगड हाय, दगड!"

मी डहाळा फिरवला. लोकांना बादल्या बादल्या पाणी वरून शिंपडायला लावलं, म्हणजे पाण्याबरोबर चांगली हवा खाली जाते. मग नामदेवाच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला खाली सोडलं.

"नामदेवा, वांगे कसे दिले?"

तो रडत रडत ओरडला, "पन्नास रुपये पाव! एक रुपया कमी होणार नाई!"

एवढं गोड उत्तर मी आयुष्यात ऐकलं नाही.

सुदामा वर आला. ओठ निळे, पण छाती हलत होती. वाशिमच्या दवाखान्यात त्याच्या तोंडाला हवेची नळी लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जीव आहे. डोकं किती शाबूत आहे, ते जागे झाल्यावर कळेल."

रुखमा त्याच्या उशाशी बसली. मी बाहेर बाकावर. ती येता-जाता माझ्याकडे बघत नसे.

मग एका सकाळी त्यानं डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी रुखमाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण?"

सुदामा बराच वेळ बघत राहिला. मी दाराशी उभा होतो.

"हे? हिनं निंघताना सांगतलं होतं, त्या पडक्या विहिरीत जाऊ नोको म्हणून. आता जलमभर ऐकवते मले!"

अख्खा वॉर्ड हसला! नामदेव तर दवाखान्यातच नाचायला लागला. मी बाकावर येऊन बसलो आणि उपरण्यात तोंड लपवलं.

थोड्या वेळानं रुखमा बाहेर आली. माझ्यासमोर थांबली. नवऱ्यासाठी आणलेल्या डब्यातली अर्धी भाकर तिनं मोडली, वर भाजी ठेवली, माझा हात धरून त्यावर ती ठेवली, आणि आत निघून गेली.