गेजचा शब्द

आमच्या घरात शेवटचा शब्द वडिलांचा नसे, आईचाही नसे. तो गेजचा असे. गेज म्हणजे पोलादाची जाडजूड कडी, आतून आटे पाडलेली. बोल्टाचे आटे बरोबर पडलेत का, हे ती त्यावर फिरवून पाहायचं. अशा दोन कड्या. 'गो' सुरळीत शेवटापर्यंत गेली पाहिजे आणि 'नो-गो' सुरुवातीलाच अडली पाहिजे. दोघींनी आपापलं काम केलं की बोल्ट पास. माझ्या शाळेतल्या मार्कांवर वडिलांनी कधी विश्वास ठेवला नाही, पण गेजवर शंका घेणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नसत.

आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. जवळच्याच एका शेडमध्ये वडील फिटर होते. जुन्या यंत्रांचे, कुठे तयार न मिळणारे बोल्ट ते हातानं करून द्यायचे. सळई व्हाइसमध्ये आवळायची, आटे पाडणाऱ्या डायचे दोन्ही दांडे धरून अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. मागे घेतलं नाही तर चुरा अडकतो आणि आटे फाटतात. घाईत असलेल्या माणसाला ते म्हणत, "आपण बाजारातून आणा. तिथे मागे घ्यावं लागत नाही."

खंडेनवमीला सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली जात. गेजची पेटी मात्र ते पूजेला देत नसत.

"अहो, सगळ्यांची पूजा आणि यांचीच नाही, असं कसं?" आई झेंडूची माळ ओवता ओवता विचारायची.

"त्यांना हळदीकुंकू चालत नाही. लांबून नमस्कार करा." का चालत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचा त्यांचा स्वभावच नव्हता, आणि विचारलं तरी फारसा नव्हता.

एका नवरात्रात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. खंडेनवमीला ते दवाखान्यात होते. त्या वर्षीची पूजा आईनं एकटीनं केली.

घरी आल्यावर ते रबरी चेंडू दाबत बसायचे. मग वाटी उचलायला लागले, मग शर्टाची बटणं. नजर थोडी अंधूक झाली होती, पण हाताला हळूहळू जोर येत होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती, पुन्हा कामावर जायचं. शेडचे मालक भेटायला आले आणि भल्या मनानं म्हणाले, "या की. नुसते बसा, बाकीच्यांना सांगत राहा."

"बसायला घरी खुर्ची आहे," वडील म्हणाले. मग त्यांनी स्वतःच अट घातली. एक सळई आटे पाडून पाहतो, गेजनं पास केली तर सोमवारी येतो. नाहीतर येत नाही.

गॅलरीतल्या व्हाइसवर सकाळभर ते काम चाललं होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. आटे मला तरी सरळ, चकचकीत दिसले. त्यांनी सवयीनं गेज फडक्यानं पुसली आणि सळईवर चढवली. गो कडी दोन फेरे गेली आणि अडली. गेजवर जोर करायचा नसतो. त्यांनी ती उलटी फिरवून काढली, सळई पुसली, पुन्हा चढवली. पुन्हा अडली. मग दुसरी सळई घेतली. दुपार झाली तेव्हा तीही त्याच जागी अडली.

"गेजमध्येच काहीतरी असेल," मी म्हणाले.

"गेज खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "हात गेला."

त्यांनी गेज आणि दोन्ही सळया पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, पण पाना कधी हातात धरला नाही. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तरी म्हणायचे, "प्लंबर बोलवा." त्यांचं ते खुर्चीत बसणं मला बघवत नसे.

ते गेल्यानंतरच्या खंडेनवमीला आई म्हणाली, "त्यांची पेटी काढ." मी ती गॅलरीत नेऊन उघडली. गो कडी उजेडात धरली तर आतल्या आट्यांच्या खाचांमध्ये काळपट थर दगडासारखा बसलेला दिसला. मी रॉकेलचं फडकं फिरवलं, जुन्या ब्रशनं घासलं. फडक्यावर कुंकवाचा लाल डाग उमटला. घासत राहिले, लाल येतच राहिलं.

मग कडी त्यांच्या पहिल्या सळईवर चढवली. ती आपल्या वजनानंच उतरावी तशी शेवटापर्यंत गेली. नो-गो सुरुवातीलाच अडली. दुसरी सळईही पास. हात गेलाच नव्हता. मी तिथेच फरशीवर बसून रडले. आईचा इतका राग आला की तिला हाका मारून, सगळं दाखवून जाब विचारावा असं वाटलं.

तेवढ्यात तीच पूजेचं ताट घेऊन आली. गुडघे धरत माझ्या शेजारी बसली, आणि मी त्यांच्या आठवणीनं रडतेय असं समजून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"ते दवाखान्यात होते ना, त्या वर्षी मी या कड्यांचीही पूजा केली," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं नाही, रागावले असते. चांगलं कालवून आतूनसुद्धा हळदीकुंकू लावलं. म्हणून तर ते उठून घरी आले."

तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कडी तिच्यापुढे धरली.