‘येतो’ नव्हे, ‘जातो’

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून होतो, मुलुंडला चाळीत आईबरोबर राहत होतो आणि हौशी नाटकांत चार टाळ्या मिळाल्यामुळे स्वतःला मोठा नट समजत होतो. एका धंदेवाईक कंपनीतला मुलगा ऐनवेळी सोडून गेला आणि त्याची भूमिका माझ्याकडे आली. प्रयोग दोन आठवड्यांवर. तालीम घेणाऱ्या मास्तरांनी माझी नक्कल हातात ठेवली. नक्कल म्हणजे फक्त आपल्या वाक्यांची वही. दुसऱ्यांच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे त्यात असायचे. मी ती चार दिवसांत घडाघडा पाठ केली. मला वाटलं, झालं काम.

घोळ झाला तो एका शब्दात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा भांडून घर सोडतो. दारात थांबून म्हणतो, ‘‘आई, मी जातो.’’ आई म्हणते, ‘‘येतो म्हण रे.’’ तो काही न बोलता निघून जातो आणि पडदा पडतो. घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये हा प्रवेश पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा मी दारापाशी गेलो, वळलो आणि भरल्या गळ्याने म्हणालो, ‘‘आई, मी येतो.’’

आईचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवर मुरलेल्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘आता मी काय म्हणू? सावकाश ये, जेवायला थांबते?’’

सगळे हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही तेच. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे आईने मी बोलायला लागल्यापासून इतकं घोटून घेतलं होतं की उंबरठा नुसता खडूने आखलेला का असेना, माझी जीभ आपोआप ‘येतो’कडे वळायची. शनिवारी मास्तर हसले नाहीत.

‘‘उद्या दुपारी शेवटचं,’’ ते म्हणाले. ‘‘पुन्हा ‘येतो’ आलं, तर ही नक्कल दुसऱ्याला देतो. माणूस बघून ठेवलाय मी.’’

रविवारी सकाळी नाहूरच्या बाजूला मिठागरांच्या बांधावर जाऊन मी पन्नास वेळा ‘जातो’ म्हटलं. तिथे झकास जमलं. घरी येऊन खात्री करावी म्हणून दारात उभा राहिलो, तर पुन्हा ‘येतो’. मग दात आवळून, जोर लावून मी ‘जातो’ म्हटलं आणि ते मोरीत बांगडे साफ करत बसलेल्या आईने ऐकलं.

‘‘काय म्हटलंस?’’

‘‘नाटकातलं आहे गं.’’

‘‘नाटकातला आसांदे नायतर खयचा,’’ ती तिच्या मालवणीत म्हणाली. ‘‘माझ्या घरात जातो म्हणाचा नाय.’’

मी भडकलो. ‘‘मग घरीच बसतो. तुझ्या या शब्दापायी माझं काम जातंय, कळतंय का तुला?’’ इतक्या चढ्या आवाजात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. शेजारच्या खोलीत वाटण चाललं होतं, तेही थांबलं.

आईने हात धुतले, पदराला पुसले. ‘‘तो झील खय जाता?’’ तिने नाटकातल्या मुलाचं विचारलं. मी तिला सगळा प्रवेश सांगितला, मुलाचं भांडण, बाईंचं वाक्य, सगळं.

‘‘आनि मगे? आवशीकडे परत येता?’’

माझ्या वहीत तिसऱ्या अंकात मुलाचं एकही वाक्य नव्हतं. त्यावरून काय ते कळत होतं. तरी मी ‘माहीत नाही’ म्हणालो.

‘‘माका म्हणून दाखव,’’ ती म्हणाली.

‘‘राहू दे.’’

‘‘म्हण. माझ्याकडे बघून म्हण.’’

मी म्हटलं, ‘‘आई, मी जातो.’’

तिचा चेहरा एकदम उतरला. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याच वेळी आनंदही झाला, कारण शब्द निघाला होता. ‘‘असाच म्हण थंय,’’ एवढं बोलून ती पुन्हा बांगड्यांकडे वळली.

दुपारी हॉलमध्ये दारापाशी वळलो. समोर बाई होत्या आणि मला आईचा सकाळचा चेहरा दिसत होता. मी ‘जातो’ म्हणालो. बाईंनी त्यांचं वाक्य म्हटलं आणि मी मागे न बघता बाहेर पडलो. मास्तर फक्त ‘‘पुढे’’ म्हणाले. काम माझ्याकडे राहिलं.

ते नाटक बघायला आई कधी आली नाही. पण पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मी ‘येतो’ म्हणून निघालो, तर तिने दारात अडवलं.

‘‘आणखी एकदा म्हण.’’

मी आधीच घाबरलेलो, त्यात वैतागलो. ‘‘म्हटलं ना आत्ता.’’

‘‘ता तुझा,’’ ती म्हणाली. ‘‘आता त्या झिलाचा म्हण. तेच्या आवशीन किती वाट बघूची?’’