मामांच्या नाकातली मुंबई

अख्ख्या मुंबईचा नकाशा एका माणसाच्या नाकात मावलेला मी पाहिला आहे, आणि ते नाक माझ्या बायकोच्या मामांचं. मामा मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत घालवलेले आणि आता लालबागच्या चाळीत, गॅलरीतल्या खुर्चीत मुक्काम ठोकलेले. गावाकडून कुणीही नवखं आलं, मग ते नोकरीला असो की इस्पितळात दाखवायला, त्याची पहिली हजेरी मामांपुढे. मामा डोळे मिटून बोलायला लागत आणि ऐकणाऱ्यालाही हळूहळू गुंगी चढे. "गिरगावात कुठेतरी तूप कढत असतं, कुठेतरी धूप जळत असतो. दोन्ही एकदम आले की समज, वाडीच्या तोंडाशी आहेस. दादरला पुलाखाली झेंडू, चार पावलं पुढे चाफा. परळला फिनेल. आणि ओहोटीच्या चिखलाचा वास आला तर मेल्या, शिवडीला पोचलास, मागे फिर!" पाट्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाट्या काय, नगरसेवक बदलला की बदलतात, असं म्हणायचे.

वासांच्या जोडीला सावधगिरीचे सल्ले फुकट. रस्ता चुकलास तरी चुकल्यासारखं तोंड करू नकोस, सासुरवाडीला निघाल्यासारखा चाल. वडा कढईतून येईल तोच खा, ताटात वाट बघत बसलेला नको. घ्यायचा नसेल तर कोळणीच्या पापलेटाला बोट लावू नकोस, तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार होईल. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी बॅग पोटावर बांधायला लावली आणि चोराची नजर नको म्हणून वर टॉवेल पांघरायला लावला. दादरपर्यंत त्याला दोन बायकांनी, "बाळ झोपलं का हो?" म्हणून विचारलं. पण बॅग शाबूत राहिली, हे मामा पुढे चार वर्षं सांगत होते.

मी कोल्हापूरचा, म्हणजे तिखटाला घाबरणारा नव्हे. लग्नानंतर पहिल्यांदा एकटा त्यांच्याकडे निघालो तेव्हा फोनवर हुकूम आला, "चिवड्याचा वास संपला की पुढे मसाल्याचा येईल. ठसका लागला की डावीकडे वळा, आमची चाळ." नाक वर करून मी चालत राहिलो तो थेट भायखळ्याला पोचलो. महिना श्रावणाचा. पावसाआधीच घरोघरची मसाल्याची बेगमी उरकलेली, मिरच्या कुटणारे डंक बंद, मग ठसका लागणार कशाचा, कप्पाळ? मामा मात्र माझ्यावरच उखडले. "जावईबापू, नाक घरी ठेवन इल्यात काय?"

आणि दोन वर्षांपूर्वी एका तापात त्याच मामांचं नाक गेलं. मला कळलं ते असं, की शेगडीवर दूध करपून चाळभर वास सुटला होता आणि मामा शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याकडे बघत ते म्हणाले, "कोणाक सांगू नकात. माझ्याकडे माणसं याच्यासाठीच येतात. मग कोण कशाला येईल?" मी मान डोलावली. पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुणी नवखं यायचं म्हटलं की मामा गुडघा दुखतो म्हणून आत जाऊन पडत.

गेल्या श्रावणात त्यांची नात्यातली एक मुलगी कणकवलीहून परळला नर्सिंग शिकायला आली. रविवारी संध्याकाळी ती मामांकडे जेवायला निघाली आणि रस्ता चुकली. मोबाइलमधला नकाशा तिला उड्डाणपुलावर दाखवत होता आणि ती पोर पुलाखाली उभी. फोन मामांनाच आला. आवाज रडवेला. मी हात पुढे केला, पण मामांनी फोन सोडला नाही. स्पीकर लावला आणि कित्येक महिन्यांनी डोळे मिटले.

"बाय, वास कसलो येता?"

"फिनेलचा."

"मग इस्पितळाची भिंत अजून सुटली नाही तुझी. ती पाठीकडे टाक आणि सरळ चल."

ती चालत होती, मामा खुर्चीत बसल्या बसल्या तिच्यासोबत चालत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मामा, तळलेल्या पोह्यांचा."

"चिवडा! शाब्बास. अजून पुढे."

मग नुसता गाड्यांचा आवाज. "मामा," ती घाबरून म्हणाली, "आता कसलाच वास येत नाही."

मामांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते माझ्याकडे बघून चक्क हसले.

"कसलाच नाही ना? मग बरोबर आलीस. श्रावणात डंक बंद असतात. डावीकडे वळ."

पाच मिनिटांत जिना वाजला. पोरीने सकाळीच दादरहून आणलेले चार सोनचाफे रुमालातून काढून मामांच्या ओंजळीत ठेवले आणि हातपाय धुवायला आत गेली. मामांनी ओंजळ नाकाशी नेली, बराच वेळ तशीच धरली. मग माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "जावईबापू, वास कसो आसा?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागलो.