नऊजणी आल्याशिवाय

माझा राग नाकावर असतो. वय झालं तरी तो तिथून खाली उतरलेला नाही. त्या रागापायी एकदा माझ्या मैत्रिणीच्या जिवावर बेतलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मंद्रूपहून सोलापुरात आलो. वडील गिरणीत लागले आणि विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. घराघरात हातमाग, दिवसभर खटखट. आमचं एक घर सोडलं तर सगळे तेलुगू. तीन महिन्यांत मला तेलुगूत भांडता यायला लागलं, बोलायला मात्र वर्ष गेलं.

वस्तीच्या टोकाला मोकळं मैदान होतं. तिथं एक सेवा मंडळ मुलींना खो-खो शिकवायचं. मंडळ म्हणजे तरी काय, एक डॉक्टरीणबाई, दोन म्हातारे गृहस्थ आणि आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. मी यायच्या आदल्या वर्षी वस्तीतल्या एका मुलीनं जीव दिला होता. घरचे म्हणायचे, तापानं गेली. सगळी वस्ती तसंच म्हणायची. ती बाईंच्या वर्गातली होती. चार दिवस शाळेत आली नव्हती, आणि घरी काम असेल म्हणून बाईंसकट कुणीच चौकशीला गेलं नव्हतं.

त्यानंतर बाईंनी मंडळाच्या मागं लागून मैदान मिळवलं. मुली निकर घालून पळणार म्हटल्यावर लोकांनी गहजब केला. बाई दारोदार गेल्या आणि आईबापांना तोंडावर म्हणाल्या, "ती पोर तापानं गेली नाही. तुमची रोज संध्याकाळी माझ्या नजरेसमोर असू द्या, निकरचं मागाहून बघू." आम्हालाही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमच्या वयात मनात काय वाट्टेल ते येतं. जगू नये असं वाटलं तर मला येऊन सांगायचं. मी रागावणार नाही." असलं उघड बोलणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही पोरी खाली माना घालून मातीत रेघोट्या ओढत बसलो.

बाईंचा एक नियम होता. संघातल्या नऊजणी आल्याशिवाय शिट्टी वाजायची नाही. एक जरी कमी असली तरी बाकीच्यांनी उठून तिच्या दारात जायचं. का आली नाहीस, असं विचारायचं नाही. चल, तुझ्यासाठी खेळ थांबलाय, एवढंच म्हणायचं. राखीव मुली होत्या, पण सरावाला त्यांना कुणाच्या जागी बसवायचं नाही. शिट्टी मैदानाभोवतीच्या सगळ्या गल्ल्यांत ऐकू जायची. त्यामुळं ती वाजली नाही की घरात बसलेल्या पोरीला कळायचं, अजून आपली वाट बघतायत. मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. एकेकीला गोळा करता करता दिवस मावळायचा, आणि मी कप्तान. मला जिंकायचं असायचं.

माझी मैत्रीण आमची सगळ्यात चांगली पळणारी. आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. उंच, हडकुळी, खांबाला वळसा घालताना दिसायचीही नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी मॅट्रिकला बसलो. निकाल लागला, माझा नंबर पेपरात होता, तिचा नव्हता. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नापास झालीस तर शाळा बंद, खेळ बंद, आईबरोबर विड्या वळायला बसायचं.

निकालानंतर पहिल्या दिवशी ती आली नाही, तेव्हा आम्ही आठजणी तिच्याकडं गेलो. पोट दुखतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेलो तर डोकं. दोन्ही दिवस शिट्टी वाजलीच नाही. तिसऱ्या दिवशी माझं टाळकं सरकलं. रविवारी दुसऱ्या पेठेतल्या मुलींशी सामना होता आणि ही घरात नखरे करत बसलेली. मी पास झाले होते, तेही डोक्यात होतंच, उगाच कशाला खोटं बोलू. बाईंना शाळेत मीटिंग होती, शिट्टी माझ्याकडं देऊन गेल्या होत्या. एकजण म्हणाली, "तिला आणाया जायचं न्हाई का?" मी म्हटलं, "काई नको. राणीसरकार हाय व्हय ती? रोज कोण पाया पडंल?" नववीतल्या एका राखीव पोरीला मी तिच्या जागी बसवलं आणि शिट्टी वाजवली.

अर्ध्या तासानं बाई आल्या. लांबूनच थांबल्या, मग ओळीत बसलेल्या त्या पोरीकडं बोट करून म्हणाल्या, "ही कुणाच्या जागी आहे?"

मी नाव सांगितलं. म्हटलं, "नऊ झाल्या की बाई."

बाईंनी पर्स तिथंच मातीत टाकली आणि पळत सुटल्या. चाळिशीतली नऊवारी नेसलेली बाई, सगळ्या गल्लीदेखत पळत होती. मी त्यांच्या मागं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला.

तिचं दार आतून लावलेलं होतं. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, वडील दुसऱ्याच्या हातमागावर कामाला. बाईंनी दार वाजवलं. बाईंचा आवाज मात्र अगदी नेहमीसारखा होता. "चल गं, तुझ्यासाठी खेळ थांबलाय."

आतून तिचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "खोटं बोलू नका बाई. शिट्टी ऐकली मी."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, आता त्या काहीतरी सांभाळून घेतील. त्यांनी घेतलं नाही. त्या बाजूला सरकल्या आणि मला दारापुढं उभं केलं.

मी म्हटलं, "मी वाजवली. बाई नव्हत्या. तुझ्या जागी दुसरी बसवली मी. मला तुझा लई राग आला होता." मी दारावर हात मारला. "माझं चुकलं गं. उघड की." आणि मला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. दाराला डोकं लावून मी लहान पोरासारखी हंबरडा फोडला. शेजारपाजारचे गोळा झाले, बाईंनी त्यांना हातानंच मागं लोटलं. मला थांब म्हणाल्या नाहीत.

किती वेळानं कडी निघाली, देव जाणे.

ती दारात उभी होती, तोंड पांढरंफटक पडलेलं. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "जीव द्यायचं मनात आलं होतं?" तिनं मानेनंच हो म्हटलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." आणि तिथंच उंबऱ्यात तिला जवळ घेऊन बसल्या. आई आल्यावर तिलाही सगळं सांगितलं, तापाबिपाचं नाव न काढता. रात्री डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. पुढचे कित्येक दिवस आम्ही पाळीपाळीनं तिच्याजवळ बसलो, विड्या वळायला शिकलो, तिच्या वडिलांची बोलणी खाल्ली. रविवारचा सामना आम्ही खेळलोच नाही. ऑक्टोबरला ती पुन्हा बसली आणि पास झाली.

माझ्याशी मात्र ती वर्षभर कामापुरतंच बोलायची. मी तोंड वर करून काही म्हणायच्या लायकीची उरले नव्हते.

पुढं दोघींची लग्नं झाली, पोरं झाली. कितीतरी वर्षांनी एकदा तिच्या घरी बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू दार का उघडलंस? बाई आल्या म्हणून?"

"न्हाई. बाई सगळ्यांच्याच दारात जायच्या की." मग म्हणाली, "तू रडत होतीस. तुज्यासारकी भांडकुदळ माज्यासाठी रडती, हे खरं वाटंना. म्हटलं, बघावं तरी."

तेवढ्यासाठी ती उठली होती.