भिंतीपलीकडची नणंद

माझ्या नणंदेने आयुष्यात मला कधी काही दिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. घेतलं मात्र भरपूर. तेलेसिया ही माझ्या नवऱ्याची, सेमिसीची थोरली बहीण. आणि आमच्या टोंगात बहिणीने भावाच्या घरातली वस्तू मागितली की ती तिची झाली. माझ्या आईने लग्नात विणून दिलेली चटई तिने पहिल्याच वर्षी नेली. त्या चटईसाठी आईचे डोळे गेले होते. मग पाळलेली डुकरीण नेली, पिल्लांसकट. माझ्या मुलीचं नाव लुपे ठेवलं, तेही तिनेच, मला न विचारता. तक्रार कोणाकडे करायची? सेमिसीचं एकच उत्तर, "बहिणीनं मागितलंय." विषय संपला.

आणि इतका हक्क असून ही भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. तेलेसिया न्हातीधुती झाली त्याच आठवड्यात सासूबाईंनी सेमिसीची उशी उचलली आणि अंगणातल्या झोपडीत नेऊन टाकली. बहीण मोठी झाली की भावाने घरात झोपायचं नाही. तो जेमतेम दहा वर्षांचा. अंधार पडल्यावर घाबरून दाराशी आला, तर आतून ही "ये" म्हणाली. त्या एका "ये"बद्दल सासूबाईंनी तिला केरसुणीने बडवलं आणि त्याला हाकलून दिलं. हे सासूबाई मला मोठ्या कौतुकाने सांगायच्या, पोरांना वळण कसं लावलं म्हणून. वळण असं लागलं की चाळीस वर्षं झाली, दोघं एका खोलीत बसलेली नाहीत. थट्टामस्करी नाही. अंथरुणाचं, अंगाचं, कपड्याचं तर नावच काढायचं नाही.

आता तर केरसुणीसुद्धा लागत नाही. टीव्हीवर सिनेमात कोणी कोणाच्या जवळ आलं, की माझी लुपे निमूट उठून बाहेर जाते, कारण तिचा भाऊ तिथे बसलेला असतो. एकदा मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं गं उठायला?"

"कोणी कशाला सांगायला हवं, आई?" ती म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

तर अशा घरात सेमिसी आजारी पडला. साखर वाढली, डाव्या पायाचं बोट चिघळलं, आणि बघता बघता पाय घोट्यापर्यंत काळा झाला. आमच्या रीतीने मुलांनी बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्याचं उष्टं खायचं नाही, त्याच्या बिछान्यावर बसायचं नाही. म्हणजे पुसणं, भरवणं, उचलणं, कूस बदलणं, सगळं माझ्याच गळ्यात. माझी पाठ मोडून गेली. आणि बहीणबाई? त्या सकाळी उजाडल्यापासून ओसरीवर बसून असत, भावाच्या खोलीच्या भिंतीला टेकून.

"वहिनी, त्याला विचार, जेवला का?"

मी आत तोंड करायची. "जेवलास का?"

"तिला सांग, जेवलो."

"वन्सं," मी म्हणायची, "ही फळ्यांची भिंत आहे. तुम्हाला ऐकू आलं."

"मला काही ऐकू आलं नाही," ती शांतपणे म्हणायची, आणि मी सांगेपर्यंत थांबायची.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, याच आठवड्यात, नाहीतर माणूस हाताला लागणार नाही. सेमिसीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "जमिनीत जाईन तर अख्खा जाईन." चर्चमधले पाद्री समजावून गेले. लुपे दाराशी बसून रडली. मी हात जोडले, मग शिव्या दिल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा हा माणूस.

ज्याचा शब्द त्याला मोडता येणार नाही असं एकच माणूस होतं, आणि ते ओसरीवर बसलं होतं. मी बाहेर गेले. "वन्सं, तुम्ही सांगा त्याला."

"काय सांगू?"

"पायाचं."

तिने पटकन तोंड फिरवलं. "शी, काय बोलतेस वहिनी. भावाच्या अंगाचं मी बोलू? लाज नाही वाटत मला सांगायला?"

माझा तोल गेला. "नाही वाटत. तो मेला की त्याच्या उशाशी पहिल्या मानाला मात्र याल तुम्ही. मयताला लोक आणतील त्या सगळ्या चटया गोळा करायला."

ती चपला घालून घरी गेली. दुसरा दिवस उजाडला तरी ओसरी रिकामीच होती. सेमिसीने तीनदा विचारलं, "ती आलीय का?" मी म्हटलं, "नाही." पहिल्यांदाच मला त्या रिकाम्या ओसरीची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी ती आली. कमरेला मानाची चटई बांधलेली, केस चोपून बसवलेले, म्हणजे लग्नाला किंवा मयताला निघाल्यासारखी. ओसरीवर ताठ बसली. "वहिनी, भावाला सांग, मी मागायला आलेय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माणूस मरणाच्या दारात, आणि ही मागायला आलीय. "आता काय उरलंय घरात? चूल न्या. मला न्या."

आतून सेमिसीचा थकलेला आवाज आला. "तिला विचार, काय हवंय."

ती अंगणातल्या फणसाकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"डावा पाय," ती म्हणाली. "गुडघ्याखालचा. तो मला दे."

लुपेच्या हातातलं ताट वाजलं. मी निरोप आत नेला नाही. न्यायची गरजच नव्हती. "मला दे" म्हणाली होती ती, "मला द्यायला सांग" नाही. आत खाट करकरली. सेमिसी म्हणाला, "तिला सांग, तिचाच आहे. घेऊन जा म्हणावं."

त्याच दुपारी आम्ही त्याला नुकुअलोफाच्या दवाखान्यात नेलं.

तो वाचला. आणि दवाखान्यात विचारलं, पाय घरी नेऊन पुरणार का, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "मला काय विचारता? माझा नाही तो." मग काय, हम करे सो कायदा. तेलेसियाने सासूबाईंच्या थडग्याच्या पायथ्याशी खड्डा खणून घेतला. चार लोक जेवायला बोलावले. रीतीप्रमाणे ती मानाने बसली, आणि मी, परक्या घरची, चुलीमागे. एका पायासाठी टोपलीभर अळकुड्या सोलल्या मी. डोळ्यांत धूर, अंगावर खालच्या मानाची म्हणून फाटकी चटई, आणि तोंडाने अखंड पुटपुट.

जेवण तयार झालं तशी तिला बोलवायला गेले. खड्ड्याशी ती एकटीच बसली होती. बाजूला पायाची गुंडाळी होती, आणि ती गुंडाळी माझ्या आईच्या चटईची होती. इतक्या वर्षांत एक घडी मोडलेली नव्हती. मला राग आला का आणखी काय, कोण जाणे.

ती त्या गुंडाळीशी बोलत होती. तो पाय आता भावाचा नव्हता ना, तिचा होता.

"किती वाळलास रे," ती म्हणत होती. "अजून घाबरतोस का अंधाराला? मला परत 'ये' म्हणायचं होतं. रोज म्हणायचं होतं. पण ती केरसुणी दाराशीच असायची." मग तिने चटईवरून हात फिरवला. "आता झोप. मी बसलेय इथं."

माझ्या पायाखाली वाळकं पान वाजलं. तिने झटकन वळून पाहिलं. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

"वहिनी, काय ऐकलंस तू?"

"मला काही ऐकू आलं नाही, वन्सं," मी म्हणाले. "जेवायला चला."